मशीनने पॉलिश करून गाडीवरचे बारीक चरे काढताना

गडद रंगाची गाडी धुऊन, कोरडी करून उन्हात उभी करा आणि बोनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडतं तिथे निरखून पाहा. त्या ठिपक्याभोवती बारीक, गोल रेषांचं जाळं दिसेल. खरं तर त्या रेषा गोल नसतात. मळक्या फडक्याने, कोरड्या पुसण्याने, ब्रशच्या धुलाईने पडलेले असंख्य चरे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. त्यांतले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून ते गोल भासतात. चांगली सांभाळलेली गाडीही अकाली जुनी दिसायला लागते, ती बहुतेक वेळा यांच्यामुळेच. खालचा रंग शाबूत असतो, पण वरचा पृष्ठभाग खरबरीत झाल्याने प्रकाश विखुरतो आणि काळी गाडी राखाडी दिसू लागते.

हे चरे मशीनने पॉलिश करून निघतात आणि नवख्या माणसालाही हे काम नीट जमू शकतं. एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून पक्की धरायची: कमीत कमी घासून जेवढं साधेल तेवढंच साधायचं. असं का, ते रंगाचे थर समजले की कळतं.

चरा जातो म्हणजे काय होतं

आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस अंदाजे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरावर आपण मशीन चालवणार आहोत तो केसापेक्षाही पातळ आहे.

पॉलिश चरा भरून काढत नाही. ते चऱ्याच्या आजूबाजूचा चांगला क्लिअर कोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतं. तळ आणि पृष्ठभाग एका पातळीला आले की चऱ्याला कडा उरत नाही आणि तो दिसेनासा होतो. चरा जितका खोल, तितका चांगला थर त्याच्यापायी खर्ची पडतो. गेलेला क्लिअर कोट परत येत नाही आणि ऊन सोसण्याची रंगाची ताकद याच थरात असते. म्हणून दहा बारीक चऱ्यांपैकी आठ गेले आणि दोन खोल चरे पुसट होऊन उरले, तर ते तसेच राहू द्यावेत. त्या दोघांच्या मागे लागणं हा या कामातला सगळ्यात महागडा मोह आहे.

आधी चरा ओळखा

बोटाचं नख चऱ्यावरून आडवं, हलक्या हाताने फिरवा. नख सहज सरकलं तर चरा पॉलिशच्या आवाक्यातला आहे. नख अडकलं तर तो खोल आहे. पॉलिशने त्याच्या कडा थोड्या बोथट होतील, लांबून कमी दिसेल, पण जाणार नाही. दुसरी खूण पाण्याची. चऱ्यावर थोडं पाणी लावल्यावर तो नाहीसा झाला तर बहुधा तो क्लिअर कोटमध्येच आहे. ओला असतानाही पांढरा, राखाडी किंवा पत्र्याच्या रंगाचा दिसत असेल तर तिथे टच-अप किंवा रंगकाम लागेल.

काही ठिकाणी मशीन लावूच नये. मॅट रंगावर पॉलिश केलं तर तिथे कायमचा चकचकीत डाग पडतो. क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटत असेल तर घासून तो आणखी सुटेल. नुकताच रंगवलेला भाग पूर्ण सुकून घट्ट व्हायला वेळ लागतो. किती थांबायचं ते रंग लावणाऱ्यालाच विचारा. गाडीवर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसवलेला कडक, टिकाऊ संरक्षक थर, असेल तर पॉलिश करताना ते निघून जाईल हे धरून चाला. संरक्षक फिल्म लावली असेल तर तिच्यावर आणि विशेषतः तिच्या कडांवर मशीन चालवू नका.

पुन्हा रंगवलेल्या गाडीबाबत जास्त जपावं लागतं. रंगाची जाडी मोजणारा गेज मिळाला तर दरवाजे, छप्पर, बोनेट सगळीकडे मोजा. एखाद्या पॅनलचा आकडा इतरांपेक्षा बराच जास्त आला तर तिथे पूर्वी काम झालेलं आहे. जास्त आकडा म्हणजे जास्त क्लिअर कोट असं मात्र समजू नका. साधा गेज सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतो. खाली पुट्टी असली तरी आकडा वाढतो. प्लास्टिकच्या बंपरवर तर असे गेज चालतच नाहीत.

मशीन, पॅड आणि पॉलिश

मशीन दोन प्रमुख प्रकारचं मिळतं. रोटरीत पॅड एकाच अक्षावर गरगर फिरतो. ते झपाट्याने काम करतं, पण एका जागी उष्णता साठते आणि हात कच्चा असेल तर रंग जळतो किंवा उन्हात दिसणारे लाटांसारखे पट्टे उरतात. ड्युअल ॲक्शन, म्हणजे बोलीभाषेतलं डीए, यात पॅड फिरतोही आणि छोट्या वर्तुळात हलतोही. दाब फार वाढला की त्याचं फिरणं आपोआप मंदावतं, त्यामुळे चुकीला थोडी सूट मिळते. पहिलं मशीन डीएच घ्या. हलण्याचं वर्तुळ ८ ते १५ मिलिमीटर असलेलं आणि ५ इंची बॅकिंग प्लेटचं (पॅड जिच्यावर चिकटतो ती चकती) मशीन बहुतेक पॅनलवर आवरतं. २१ मिलिमीटरचं मशीन सपाट छपरावर भराभर काम करतं, पण वळणदार दरवाजांवर अडतं. साधा ड्रिल किंवा अँगल ग्राइंडर पॅड लावून वापरण्याचा विचार सोडून द्या.

पॅड लोकरीचे, मायक्रोफायबरचे आणि फोमचे असतात. नवख्याने फोमपासून सुरुवात करावी: मध्यम ताकदीचे पॉलिशिंग पॅड आणि मऊ फिनिशिंग पॅड. पॅडच्या रंगावर विसंबू नका. एका कंपनीचा नारिंगी पॅड कडक कापणारा असतो, दुसरीचा मध्यम; पाठीमागचा तपशील वाचूनच घ्या. आणि एक-दोन पॅडवर पूर्ण गाडी होत नाही. पॅड तापतो, घासलेला रंग आणि सुकलेलं पॉलिश त्यात भरतं, मग तो कापायचा थांबतो आणि नवे चरे पाडू लागतो. एका जातीचे पाच-सहा पॅड हाताशी असले तर काम अडत नाही.

द्रव्याचेही दोन टोकांचे प्रकार आहेत. कंपाउंड जास्त कापतं, फिनिशिंग पॉलिश कमी कापून जास्त चमक देतं. मधल्या ताकदीचं एक पॉलिश आधी घ्या, कारण हलक्या चऱ्यांसाठी अनेकदा तेवढंच पुरतं. ‘चरे झाकणारं’ असं लिहिलेली बाटली टाळा. त्यातले भराव चरे तात्पुरते बुजवतात आणि दोन-चार धुण्यांत ते परत वर येतात.

याशिवाय मऊ, बिनकाठाची मायक्रोफायबर फडकी भरपूर ठेवा. मास्किंग टेप, चांगला एलईडी टॉर्च, चष्मा, मास्क आणि हातमोजेही लागतील.

घासण्याआधी

ही पायरी कंटाळवाणी वाटते, म्हणून लोक तिच्यावरून उडी मारतात आणि नंतर पॅडखाली आलेला एक कण पूर्ण दरवाजाभर चरे पाडतो. गाडी दोन बादल्यांनी धुवा: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत मिट, म्हणजे धुण्याचा मऊ हातमोजा, मळला की बुचकळायला साधं पाणी. वरून खाली या; चाकांजवळचा भाग शेवटी आणि त्यासाठी वेगळं मिट. मग आयर्न रिमूव्हर फवारा. ब्रेकमधून उडून रंगात रुतलेले लोखंडी कण त्याने विरघळतात आणि जांभळे ओघळ दिसतात. ते सुकू न देता धुऊन टाका.

आता पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोनेटवरून बोटं फिरवा. उघड्या बोटांना गुळगुळीत लागणारा पत्राही पिशवीतून रवाळ लागतो. तो रवाळपणा क्ले बारने, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, काढायचा. पृष्ठभाग क्लेच्या वंगणाने चांगला ओला ठेवा, क्ले न दाबता सरळ रेषेत पुढे-मागे सरकवा आणि मळकी बाजू आत दुमडत राहा. क्ले जमिनीवर पडली तर तो तुकडा फेकून द्या. क्लेनेही बारीक चरे पडतात. पुढे पॉलिश करायचंच असल्याने त्याची चिंता नको.

गाडी पूर्ण कोरडी करा. आरशांच्या खाचांत, दरवाजाच्या पट्ट्यांत अडकलेलं पाणी नेमकं पॉलिश करताना ओघळतं. मग काळं दाणेदार प्लास्टिक, रबर, बॅज आणि पॅनलच्या धारदार कडा टेपने झाका. प्लास्टिकवर सुकलेलं पॉलिश पांढरट डाग सोडतं आणि ते निघता निघत नाहीत. कडांचं कारण जास्त गंभीर आहे: धारेवर आणि उठावदार बॉडी लाइनवर रंग मुळातच पातळ बसतो, आणि पॅडचा सगळा दाब तिथे एका रेषेवर येतो.

काम सावलीत, थंड पत्र्यावर करायचं. हवा खेळती असावी, पण धूळ उडत नसावी.

आधी एक चौकोन

बोनेटवर सुमारे ४५ सेंटिमीटरचा एक चौकोन टेपने आखून घ्या. सगळ्यात सौम्य जोडी, म्हणजे मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश, तिथे चालवून पाहा. चरे तसेच राहिले तर पॉलिश मध्यम घ्या. तरीही राहिले तर पॅड मध्यम घ्या. ज्या जोडीने बहुतेक चरे जातात तिथे थांबा. तीच जोडी पूर्ण गाडीसाठी. रंगांचा कडकपणा गाडीगणिक वेगळा असतो: एकीवर कंपाउंडलाही दाद न देणारा क्लिअर कोट, तर दुसरीवर फडक्यानेही चरे पडतील इतका मऊ. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवर चाललेली जोडी आपल्याला चालेलच असं नाही. या चौकोनावर गेलेला तास पुढे कित्येक तास वाचवतो. भंगारातलं एखादं बोनेट मिळालं तर मशीनची सवय आधी त्यावरच करून घ्या.

मशीन हातात घेतल्यावर

सुरू करण्यापूर्वी बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड उभी रेघ मारा. पूर्ण कामभर तुमचं लक्ष तिच्याकडे हवं. मशीन चालू असताना ती रेघ गोल फिरताना दिसली तर पॅड फिरतोय आणि काम होतंय. रेघ एका जागी नुसती थरथरत असेल तर पॅड फक्त कंप पावतोय. आवाज तोच, हाताला जाणवणारी थरथर तीच, पण चरे तसेच. असं झालं की दोनच कारणं शोधा: दाब जास्त आहे किंवा पॅड एका बाजूला कललाय. वळणावर हे हमखास होतं. मनगट वळवत राहून पॅड पत्र्याला सपाट धरायचा, हीच खरी हातोटी आहे आणि ती रेघ पाहूनच अंगवळणी पडते.

नव्या पॅडवर पॉलिश बोटाने पातळ सगळीकडे पसरवा, म्हणजे कोरडा फोम रंगाला लागणार नाही. त्यानंतर दर वेळी वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. जास्त पॉलिशने चरे लवकर जात नाहीत. पॅड घसरतो, भरतो आणि पुसताना नाकीनऊ येतात.

केबल खांद्यावरून पाठीमागे टाका, म्हणजे ती पत्र्यावर घासणार नाही. पॅड पत्र्याला टेकवून मगच बटण दाबा आणि बंद केल्यावर पूर्ण थांबेपर्यंत उचलू नका, नाहीतर पॉलिशचे शिंतोडे उडतील. सहा वेगांच्या मशीनवर पहिल्या-दुसऱ्या वेगाने पॉलिश चौकोनभर पसरवा, मग चौथ्या-पाचव्यावर न्या. मशीनचं वजन आणि त्यावर हाताचा बेताचा भार एवढा दाब बास. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतकाच सरकू द्या. नवखा माणूस इथे घाई करतो, कारण मशीन जोरात फिरत असताना हात सावकाश ठेवणं अनैसर्गिक वाटतं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याचा अर्धा भाग झाकेल असा आडवा एकदा, मग तसाच उभा एकदा. असे चार ते सहा फेरे, आणि शेवटचा फेरा जवळजवळ बिनदाबाचा.

पत्र्यावरच्या पॉलिशकडेही पाहत राहा. सुरुवातीला ते दुधट असतं. फेरे होत जातात तसं विरळ होऊन तेलकट, जवळजवळ पारदर्शक दिसू लागतं. त्याच सुमारास थांबायचं. भुगा उडायला लागला तर पॉलिश सुकलंय किंवा पॅड भरलाय. त्यावर घासत राहिलात तर धूसर डाग उठतील.

अधूनमधून मशीन थांबवून हाताची मागची बाजू पत्र्याला लावा. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल इतकं तापलं तर तो भाग सोडून दुसरीकडे वळा. प्लास्टिकच्या बंपरवर हे फार वेळा करा, कारण पत्र्यासारखी उष्णता प्लास्टिक वाहून नेत नाही आणि रंग बघता बघता मऊ पडतो. दरवाजाचे हँडल, आरशाखालची अरुंद जागा अशा ठिकाणी ३ इंची छोटा पॅड किंवा सरळ हाताने केलेलं पॉलिश बरं.

प्रत्येक चौकोनानंतर पॅडवर मऊ ब्रश फिरवून भुगा काढा. एक-दोन पॅनल झाली की पॅड बदला. पॅडवर गाडीचा रंग उतरताना दिसला तर ताबडतोब थांबा. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर याचा अर्थ तो थर संपला असा होतो. काही जुन्या गाड्यांवर क्लिअर कोट नसलेला एकाच थराचा रंग असतो. तिथे पॅड रंगणं स्वाभाविक आहे. हे आडोशाच्या जागी पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन, हाताने घासून आधीच तपासून घ्या.

पुसून खरं काय ते पाहा

पॉलिशमधलं तेल चऱ्यांत बसतं आणि काम झाल्यासारखं दाखवतं. म्हणून पहिल्या चौकोनावर तरी पाण्यात पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा त्यासाठीच मिळणारं पॅनल वाइप फवारून, स्वच्छ फडक्याने पुसा. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा जवळ ज्योत नको. मग टॉर्च तिरका धरून आणि जमलं तर गाडी उन्हात नेऊन पाहा. ट्यूबलाइटखाली तपासू नका. तिचा पसरलेला प्रकाश बारीक चरे लपवतो आणि रात्री सुंदर दिसलेलं बोनेट सकाळी दगा देतं.

चरे गेले, पण पृष्ठभाग थोडा धुरकट दिसतोय, असं गडद आणि मऊ रंगांवर अनेकदा होतं. ही कडक जोडीची निशाणी आहे. मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश घेऊन कमी दाबाने दोन-तीन फेरे मारा, धूसरपणा निवळेल. कुरळ्या, शेपटीसारख्या एकट्यादुकट्या खुणा दिसल्या तर पॅडमध्ये कण अडकलाय; पॅड बाजूला ठेवा. पक्ष्यांच्या विष्ठेचे किंवा क्षारयुक्त पाण्याचे डाग कधी क्लिअर कोट खाऊन आत गेलेले असतात. ते थोडे हलके होतील, पूर्ण जातीलच असं नाही, आणि त्यांच्या मागे किती जायचं याला वर सांगितलेलाच हिशोब लागू आहे.

पूर्ण गाडी एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नका. थकलेला हात कलतो, आणि कललेला पॅड कडा जाळतो. आज बोनेट आणि छप्पर, उद्या दरवाजे असं केलं तरी काही बिघडत नाही. मधल्या काळात धूळ बसली तर सुरुवात पुन्हा धुण्यापासून.

शेवटचा थर आणि पुढचं धुणं

पॉलिश केलेला पृष्ठभाग उघडा असतो. सगळी गाडी पॅनल वाइपने पुसून त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम संरक्षक थर) लावा. वॅक्स काही आठवडे ते दोन-चार महिने टिकतं, सीलंट त्याहून जास्त. सिरॅमिक कोटिंग आणखी टिकाऊ असतं, पण ते नीट पुसलं गेलं नाही तर त्याचे डाग पुन्हा पॉलिश करूनच काढावे लागतात. म्हणून पहिल्या खेपेला सीलंटच लावा. हे थर नव्या चऱ्यांपासून फारसं वाचवत नाहीत. मळ कमी चिकटतो आणि धुणं सोपं होतं, एवढाच त्यांचा उपयोग.

पॅड त्याच संध्याकाळी कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुवा, पिळून पाणी काढा आणि फोमची बाजू खाली ठेवून सावलीत वाळवा. सुकलेलं पॉलिश घेऊन कपाटात गेलेला पॅड पुढच्या वेळी निरुपयोगी ठरतो. मायक्रोफायबर फडकी इतर कपड्यांपासून वेगळी धुवा आणि फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने तंतूंवर थर बसून फडकं शोषेनासं होतं. आणि गाडीवर धूळ दिसली म्हणून कोरडं फडकं फिरवायची सवय असेल तर ती आजपासून बंद करा. काढलेले चरे सगळ्यात लवकर परत येतात ते तिच्यामुळे.